लाल उजेड आणि आप्पांचा पाय

आमच्या प्रयोगशाळेत पाहुणे आले की मी त्यांना नेहमी एकाच टेबलाजवळ नेते. तिथं दाखवण्यासारखं फारसं काही नाही. काचेची एक चपटी बशी, तिच्यात गुलाबी द्रव, आणि द्रवात रुपयाएवढी पांढुरकी चकती. चकतीखाली कागदाहून पातळ असा पारदर्शक पापुद्रा असतो. वरून काळं कापड ओढायचं, निळा दिवा लावायचा. पापुद्रा लाल उजळतो आणि खाली बसवलेला कॅमेरा त्याचा फोटो घेतो. चकती म्हणजे पेशींपासून आम्ही वाढवत असलेली कातडी. तिला आतपर्यंत ऑक्सिजन पुरतो की नाही, ते पापुद्र्याच्या उजेडावरून कळतं.

हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता सांगताना माझं लक्ष दुसरीकडे असतं. वडील गेल्यापासून तर जास्तच. मागच्या महिन्यात कॉलेजची मुलं आली होती. त्यांतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही कातडी कुणाला लावली का?" मी नाही म्हणाले आणि पुढं काय बोलायचं ते सुचेना. मुलं थोडा वेळ थांबली, मग आपसांत बोलत निघून गेली. त्या संध्याकाळी हे लिहायला घेतलं. सावकाश लिहिते आहे. कधी अर्धं पान होतं, कधी चार ओळी.

वडिलांना मी आप्पा म्हणायची. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, भूकंपानं गेलेल्या गावांपैकी एक. आप्पा गावच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायचे. भूकंप झाला त्या पहाटे मी गावात नव्हते. गणपती बघायला आत्याकडे धर्माबादला गेले होते, आणि विसर्जन झालं तरी परत जायचा कंटाळा केला होता. पहाटे आत्याच्या मांडणीतली भांडी वाजली. मांजर असेल म्हणून तिनं अंथरुणातूनच एक शिवी हासडली आणि कूस बदलली. खरं काय झालं ते रेडिओवर कळलं, तोपर्यंत आमची अंघोळ-जेवणं उरकली होती.

आई घरात होती. आप्पाही घरात होते. आप्पांना गावातल्या माणसांनी बाहेर काढलं, उजव्या पायाची हाडं दगडाखाली चिरडलेल्या अवस्थेत. पाय जोडला गेला, पण घोट्याच्या वर मोठा व्रण राहिला आणि त्यावरची कातडी सिगारेटच्या पाकिटातल्या कागदासारखी पातळ, चकचकीत झाली. आईबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ होती. प्रत्येक घरात न बोलण्याचा एक कोपरा होता, आणि त्या कोपऱ्यात कुणी झाडू घेऊन जात नसे.

पुनर्वसनाच्या गावात आम्हाला घर मिळालं. एकासारखी एक घरं, ओळीनं. आप्पा तिथं चार महिनेही राहिले नाहीत. ते मला घेऊन लातूरला आले. आत्या विधवा, तिला मूलबाळ नव्हतं. तीही धर्माबादचं घर बंद करून आमच्याकडे आली आणि मग कायमचीच राहिली.

लातूरमध्ये तेव्हा क्लासेस वाढायला लागले होते. आप्पा एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला लागले. आधी एक वर्ग, मग दोन, मग उजाडायच्या आत सुरू होऊन दिवे लागेपर्यंत चालणारे. मराठवाड्यातल्या कुठल्या कुठल्या खेड्यांतून मुलं पत्र्याची ट्रंक आणि गादीची वळकटी घेऊन उतरायची. गल्ल्यागल्ल्यांत मेस निघाल्या. विजेच्या खांबांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागले. गावच्या शाळेत आप्पा ताटात पाणी घेऊन, आरसा ठेवून, भिंतीवर इंद्रधनुष्य पाडून दाखवायचे. इथं त्याला वेळ नव्हता. इथं त्यांची ख्याती वेगळ्याच गोष्टीची झाली. "आधी पर्याय वाचा," ते सांगायचे, "प्रश्न नंतर. चारांतले दोन पर्याय तोंडावरच खोटे दिसतात. उरलेल्या दोघांत भांडण लावा." मुलं हसायची आणि लिहून घ्यायची. त्या रीतीनं शेकड्यांनी मुलं डॉक्टर झाली. लातूरच्या कुठल्याही दवाखान्यात आम्ही गेलो तरी डॉक्टर खुर्चीवरून उठून उभा राहायचा.

मीही त्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसले. मला मेडिकल मिळालं नाही, थोडक्यात हुकलं. आप्पा रागावले नाहीत. "कुठला प्रश्न?" एवढंच त्यांनी विचारलं. मी बीएस्सीला नांदेडला आले आणि इथंच राहिले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. इथं पुस्तकं होती, गोदावरीच्या घाटावर बसायला जागा होती आणि प्रश्नाखाली पर्याय छापलेले नव्हते.

पुढं मी या कामात आले. अडचण अशी आहे की शरीरात पेशीपेशीजवळून रक्ताची बारीक वाट जाते. आमच्या चकतीत ती वाट नाही. जो ऑक्सिजन मिळायचा तो वरच्या द्रवातून झिरपून. तो दोन-तीन केसांच्या जाडीइतका आत जातो, त्याच्या पलीकडं जाईपर्यंत वरच्याच पेशी तो संपवून टाकतात. कडा जगते, मध्य गुदमरतो. हे आत डोकावून बघायचं, पण चकतीत सुई न खुपसता, म्हणून तो पापुद्रा. त्यातल्या रंगाचे कण निळा प्रकाश घेतात आणि लाल करून परत देतात. जवळ ऑक्सिजन असला तर तो कणाची ऊर्जा मधेच काढून घेतो आणि उजेड पडत नाही. म्हणून जिथं हवा भरपूर तिथं काळोख, आणि जिथं हवा संपली तिथं लख्ख लाल.

एका दिवाळीत घरी गेले असताना मी हे सांगितलं. आत्या चकल्या तळत होती.

"माणसाचं कातडं उगवून राहिलीस म्हण की," ती म्हणाली. "मग माझ्यासाठी बी काढून ठेव चार बोटं. ह्या गालावर लावते. मेल्यावर तरी माणसं म्हणतील, म्हातारी लई देखणी होती."

"आत्या, नखाएवढं सुद्धा धड होत नाही अजून."

आप्पांनी पेपर बाजूला ठेवला. "सिलॅबस किती राहिलाय?"

"सिलॅबस ठरलेलाच नाही, आप्पा."

"असं कुठं असतंय का? परीक्षा आहे आणि सिलॅबस नाही." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "एक वर्ष धर. फार तर दीड."

मी नाही म्हणाले. किती वर्षं लागतील ते कुणालाच माहीत नाही, माणसाला लावायची गोष्ट फार लांबची आहे, हे मी तेव्हा स्पष्ट सांगितलं आणि पुढंही प्रत्येक वेळी सांगितलं. पण आप्पांनी माझ्या कामाला तारीख लावून टाकली होती. क्लासमध्ये ते मुलांना सांगत, माझी पोरगी नांदेडला कातडी तयार करते.

दरम्यान त्यांना मधुमेह निघाला. त्याकडे त्यांनी वर्गात उशिरा येणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं, म्हणजे बघितलंच नाही. मग जुन्या व्रणावर जखम उघडली आणि भरेना. आत्यानं हळद, तूप, कुणी सांगितलेला पाला, सगळं करून बघितलं. बोटं काळपट व्हायला लागली तेव्हा ते दवाखान्यात गेले.

तिथला सर्जन त्यांचा विद्यार्थी. त्यानं पाय बघितला, पायातल्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून घेतली आणि सांगितलं की पावलात रक्तच जात नाही; गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, आणि लवकर.

आत्या त्या दिवशी बरोबर होती. नंतर तिनं मला ते नक्कल करून सांगितलं. डॉक्टर बिचारा हात मागं बांधून उभा, आणि तुझा बाप खाटेवर बसून त्याची परीक्षा घेऊन राहिला. "तुला मी उष्णतेचं प्रकरण तीनदा शिकवलं," आप्पा त्याला म्हणाले. "तिन्ही वेळा तू शेवटची पायरी गाळली. घाई हा तुझा मूळ रोग. माझी पोरगी कातडी तयार करून राहिली आहे. वर्षभर थांबू."

त्या सर्जनचा मला नांदेडला फोन आला.

"ताई, सर ऐकत नाहीत. मी ऑपरेशनचा विषय काढला की मला गणित घालतात."

"आणि तुम्ही सोडवता?"

"सोडवतो ना. काय करणार, सर आहेत." तो थोडा हसला. मग म्हणाला, "कातडी कुठूनही आणली तरी तिथं रुजणार नाही. खाली रक्त नाही. आणि हे वर चढलं तर मी सरांना वाचवू शकणार नाही. दुसऱ्या कुणाला मी रागावलो असतो. त्यांना रागावता येत नाही मला. तुम्ही बघा."

मी लातूरला गेले. आप्पा खाटेवर पाय लांब करून पेपर तपासत बसले होते. पावलाला वास येत होता, आणि आत्यानं खिडकीत उदबत्ती लावून ठेवली होती. मी त्यांना सर्जननं सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. माझ्या चकतीवर थांबण्यात काही अर्थ नाही, हेही सांगितलं.

"पण बरं होतंय," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात झोप लागत नव्हती दुखण्यानं. विचार हिला."

"कण्हून कण्हून माझी बी झोप घालवली," आत्या म्हणाली.

"आणि आता बघ. दाब. दाब, घाबरू नको."

मी अंगठा दाबला. तो थंड होता. आप्पा माझ्याकडे बघून हसत होते. मी अजून जोरात दाबला. त्यांना कळलंही नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "दुखणं थांबलंय. तुम्ही सगळे घाई करता. मला आधी तुझं काम बघू दे. डोळ्यांनी बघतो आणि मग काय ते ठरवतो."

मी वाद घातला नाही. माझ्यात त्राण नव्हतं, आणि आप्पांशी शब्दांनी वाद घालून कुणी जिंकलेलं मला आठवत नाही. मी गाडी सांगितली. सर्जननं ड्रेसिंग नीट करून दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "लवकर परत आणा." दुसऱ्या दिवशी आप्पा आणि आत्या माझ्याबरोबर नांदेडला आले.

उन्हाळा होता. वाटेत आप्पांचा पाय आत्याच्या मांडीवर, उशी ठेवून. प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून पायांत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्या लागतात. आप्पांच्या बँडेजवर ती पिशवी चढेना. आत्यानं आपल्या पिशवीतून कापड दुकानाची एक पिशवी काढली, बँडेजवर घातली आणि सुतळीनं बांधली.

"घ्या. शालूच्या दुकानाची हाय. नवरदेव झालात."

आत एसी होता. आत्या लगेच एका स्टुलावर बसली. "मी इथंच राहते. लई गार हाय." मग तिला ती बशी दिसली. "हेच का गं कातडं? पापड भिजल्यासारखं दिसून राहिलंय."

"हात लावू नको, आत्या."

"कोण लावून राहिलंय. घरी जाऊन अंघोळच करावी लागेल मला."

मी आप्पांना एका चकतीचे फोटो दाखवले. रोजचा एक, संगणकाच्या पडद्यावर ओळीनं मांडलेले. पहिले जवळजवळ काळे. मग मधे पुसटसा लाल ठिपका. ठिपका वाढत जातो, लख्ख होतो. आणि मग शेवटच्या फोटोंत तो मावळत जातो. शेवटचा पुन्हा पहिल्यासारखा काळा. मी सांगायला सुरुवात केली तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. सांगू नको." त्यांनी खुर्ची पुढं ओढली, चष्मा पुसला. कितीतरी वर्षांनी मी त्यांना असं काही बघताना पाहत होते. "उजेड म्हणजे ऑक्सिजन कमी. उलटं आहे हे."

"हो."

"सुरुवातीला पेशी थोड्या. खर्च थोडा. म्हणून अंधार."

"बरोबर."

"पेशी वाढल्या. मधे पुरेना. उजेड." त्यांचं बोट पडद्यावरून सरकत शेवटच्या फोटोवर आलं आणि तिथं त्यांनी टिचकी मारली. "आणि इथं पुन्हा अंधार. म्हणजे ऑक्सिजन पोचला." ते आत्याकडे वळले. "ऐकलंस का? पोचला हिचा ऑक्सिजन. आणि ही रडत बसली, जमत नाही म्हणून."

"पोचला ना?" आत्या म्हणाली. "मग लावा म्हणावं एकदाचं, आणि चला घरी. वरण शिजायचं हाय."

"आप्पा," मी म्हणाले, "तुम्ही पर्याय वाचलेत. प्रश्न वाचला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं त्यांना कुणी बोलत नसे.

"काय प्रश्न आहे?"

"शेवटच्या फोटोत पेशी जिवंत आहेत का, हा."

क्लासमध्ये नव्हे, गावच्या शाळेत विचारायचे त्या आवाजात त्यांनी विचारलं, "कशावरून नाहीत?"

मी त्याच चकतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आम्ही त्यावर एक निळा रंग घालतो. जिवंत पेशी तो आत घेत नाही. मेलेल्या पेशीला अडवता येत नाही, ती निळी होते. आप्पा वाकून बघत राहिले. कडेला पांढरा काठ, आणि मधे सगळं निळं. त्यांनी एकदा डोळा काढला, पुन्हा लावला.

"ऑक्सिजन आहे," ते म्हणाले.

"आहे. भरपूर आहे."

"घ्यायला कुणी नाही."

"नाही."

"पुरवठा आणि मागणी," ते स्वतःशीच म्हणाले. "दोन अज्ञात. आणि मी एका समीकरणावर उत्तर दिलं."

"आम्हीसुद्धा दिलं होतं, आप्पा. पहिल्यांदा असा अंधार आला तेव्हा आमच्या सरांनी पेढे आणले होते. अख्ख्या विभागाला वाटले. काप काढून बघितला तो नंतर."

एरवी ते यावर हसले असते. त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून नजर काढली आणि खाली आपल्या पायाकडे पाहिलं. हातातली काठी उलटी धरून तिचं टोक त्यांनी पिशवीवरून बोटांवर टेकवलं आणि दाबलं. मी बघत होते. त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी काठी आणखी दाबली.

मला जे सांगायचं होतं ते सगळं त्या टेबलावर होतं.

"तुझी आई हाक मारत होती," आप्पा म्हणाले.

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकते आहे. एसीचा आवाज येत होता. आत्या पदरानं मान पुसत होती, तिचा हात तसाच थांबला.

"मी अलीकडं, ती भिंतीच्या पलीकडं. मधे सगळी माती आणि दगड. अहो, ऐकलं का, अहो, ऐकलं का. मी ओ देत होतो. तिला जात होती की नाही, माहीत नाही. मग ती थांबली." त्यांनी काठी सरळ केली. "मला बरं वाटलं. म्हटलं, काढलं तिला कुणीतरी. पलीकडून माणसांचे आवाज येत होते ना. म्हटलं, सुटली. मी तिथं मातीत पडल्या पडल्या देवाचे आभार मानले."

आत्या उठली. आप्पांच्या पायाशी खाली बसली, पिशवीची सुतळी सोडली आणि पुन्हा बांधली. ती सैल झालेली नव्हती.

थोड्या वेळानं आप्पा म्हणाले, "त्याला फोन लाव."

मी लावून दिला. पलीकडून सर्जनचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"हां, सर बोलतोय. तुझं उत्तर बरोबर होतं. आता पुढची पायरी सांग. आणि ही गाळू नको."

तो म्हणाला, "सर, उद्या सकाळी या. उपाशीपोटी."

"गुडघा राहील का?"

"राहील, सर. प्रयत्न करतो."

"प्रयत्न नको. हो की नाही ते सांग."

"सर, हे परीक्षेसारखं नसतं."

"बरं," आप्पा म्हणाले. "ते आजच कळलं मला. येतो."

ऑपरेशन झालं. गुडघा राहिला. पाय काढल्यावर त्याचं काय करतात, हे आत्यानं आधीच नर्सला विचारून ठेवलं होतं, आणि ते उत्तर तिला पटलं नव्हतं. तिचं म्हणणं, माणसाचा अवयव आहे, आपल्या जुन्या गावच्या मातीत पुरावा. तिनं हे आप्पांना ऑपरेशनला नेण्याआधी, स्ट्रेचरवर असताना विचारलं.

"नको," आप्पा म्हणाले. "तिथं आधीच पुष्कळ पुरलंय."

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. कृत्रिम पाय लावून क्लासला जायचे, बसून शिकवायचे. पर्यायांची रीत त्यांनी सोडली नाही. मुलांना तीच हवी होती आणि मुलांचे आईबाप त्याच रीतीसाठी त्यांना तिथं आणून सोडत होते. फक्त मधूनच एखाद्या मुलाला ते फळ्याशी बोलवायचे आणि उत्तर बरोबर आल्यावरही विचारायचे, "कशावरून?" मुलं कंटाळायची. आईबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. माझी चकती थोडी जाड झाली आहे, थोडीच. आता मी उजेड विझला की आधी निळा रंग घालून बघते आणि मगच कुणाला काही सांगते. कुणाला लावण्याइतकी ती अजून झालेली नाही. माझ्या हयातीत होईल असं मला वाटत नाही, आणि हे मी आता फारसं दुःख न करता लिहू शकते. दमलेल्या माणसाला तेवढी एक सोय असते.

पण लिहायला बसले ते खरं तर ऑपरेशननंतरच्या दुपारसाठी. आत्या भाकरी करून आणायला घरी गेली होती. मी खाटेजवळ पुस्तक घेऊन बसले होते, वाचत नव्हते. आप्पा जागे झाले. त्यांनी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दुखतंय," ते म्हणाले.

"टाके आहेत ना, आप्पा. दुखणारच. नर्सला बोलवू?"

"टाक्यात नाही. अंगठा दुखतोय."

"डावा?"

"उजवा." ते मला नीट समजावून सांगू लागले, एक एक शब्द सुटा करून, जीभ अजून जड होती. "उजव्या पायाचा अंगठा. आणि तळवा. कुणीतरी पिळल्यासारखं. इतके दिवस काही कळत नव्हतं तिथं. आता कळून राहिलंय."

चादरीखाली त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या थोडा पुढं संपत होता आणि तिथून चादर सपाट होती. असं होतं, हे मी वाचलेलं होतं. काढलेला अवयव दुखत राहतो; पाय जातो, पण मेंदूतली त्याची जागा रिकामी होत नाही. मी तसं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे होता तेव्हा दुखला नाही," ते म्हणाले, "आणि नाही तेव्हा दुखतोय. ह्याचा अर्थ कसा लावायचा?"

"मला माहीत नाही, आप्पा."

"बरं." त्यांनी डोळे मिटले. कपाळावर घाम होता. थोड्या वेळानं, डोळे न उघडता, ते म्हणाले, "जरा दाबतेस का?"

मी पुस्तक खाली ठेवलं. उठून खाटेच्या पायथ्याशी गेले. मला काय करायचं ते कळत नव्हतं, आणि कुणाला विचारावं असंही तिथं कुणी नव्हतं. मग जिथं तळवा असता तिथं मी चादरीवर दोन्ही हात ठेवले आणि गादी दाबू लागले.

"अजून थोडं खाली," आप्पा म्हणाले.

मी हात खाली नेले.